भिंतीवरच्या त्या पॅनलला आधी सेन्सर म्हणा

पेपरात दर दोन-चार दिवसांनी एक ओळ असतेच, मोबाईलच्या टॉवर लोकेशनवरून पोलिसांनी आरोपीचा माग काढला. आपण वाचतो आणि पुढच्या बातमीवर जातो. पण त्या टॉवर लोकेशनचा खरा वकूब किती हे कोणी सांगत नाही, शहरात टॉवर दाट असले तरी शे-दोनशे मीटरचा घोळ सहज असतो आणि गावाकडे तर तो किलोमीटरमध्ये जातो, म्हणजे त्यावरून कळतं एवढंच की माणूस दादर स्टेशनच्या आसपास होता. प्लॅटफॉर्मवर उभा होता, फुलबाजारात होता की नुसता लोकलमधून पुढे गेला, काही कळत नाही, आणि बचावाचे वकील कोर्टात नेमके इथेच अडवतात.

हा घोळ आता संपवायचं चाललंय. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये आयटीयूने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या टेलिकॉमवाल्या संस्थेने, ६जी कसं असावं याची चौकट मंजूर केली, त्यात लोकेशनच्या अचूकतेचं संशोधनाचं टार्गेट लिहिलंय १ ते १० सेंटीमीटर. हो, सेंटीमीटरच. आणि त्याच चौकटीत ६जीचे जे सहा मुख्य वापर दिलेत त्यातला एक आहे सेन्सिंग आणि कम्युनिकेशन एकत्र करणं, म्हणजे नेटवर्कने बोलणं पोचवता पोचवता आजूबाजूला काय आहे, कोण हलतंय हेही ओळखायचं. "तो नाक्यावर होता" वरून "तो कोपऱ्यातल्या खुर्चीत बसला होता" पर्यंतची ही उडी आहे.

ती मारायला जगभर ज्या वस्तूंवर काम चाललंय त्यातली एक म्हणजे आरआयएस, रिकॉन्फिगरेबल इंटेलिजंट सरफेस. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, मग वाचायचं की नाही ते ठरवा. ही वस्तू चांगली आहे, यायला हवी, पण ती "सिग्नल वाढवणारं पॅनल" म्हणून आपल्या भिंतींवर चढता कामा नये, ती सेन्सर म्हणूनच नोंदली गेली पाहिजे आणि सेन्सरला जे नियम लागतील ते तिला पहिल्या दिवसापासून लागले पाहिजेत.

नाव भारदस्त असलं तरी हे एक सपाट पॅनल आहे. त्यावर धातूचे बारीक तुकडे, प्रत्येकाला एखादा डायोड, आणि डायोडचं व्होल्टेज बदललं की तो तुकडा येणारी लहर किंचित मागे-पुढे करून परत पाठवतो. असे हजारो तुकडे मिळून ठरवून वागले की परावर्तन पाहिजे त्या दिशेला जातं. घाटात वळणावर तो फुगीर आरसा लावलेला असतो ना, पलीकडून येणारी एसटी दिसावी म्हणून, त्याच कामाची वस्तू आहे ही, फक्त हा आरसा दर काही मिलिसेकंदाला आपला रोख बदलू शकतो. गरज का पडते, तर जितकी फ्रिक्वेन्सी जास्त तितका सिग्नल भिंतीला, झाडाला, अगदी मधे आलेल्या माणसालाही अडतो. २०२२ च्या लिलावात आपल्या कंपन्यांनी २६ गिगाहर्ट्झचा पट्टा घेतला, त्या पट्ट्यातला सिग्नल काँक्रीटच्या भिंतीपलीकडे जवळजवळ जातच नाही. मग प्रत्येक कोपऱ्यात टॉवर उभा करण्यापेक्षा कोपऱ्यावर एक फारशी वीज न खाणारं पॅनल लावा, असा हा हिशोब.

आता लोकेशनचं गणित बघा, कारण खरी गोम तिथे आहे. तुमचा फोन कुठे आहे हे काढायला नेटवर्कला ओळखीच्या जागा लागतात, एक टॉवर पुरत नाही, तीन-चार लागतात, आणि ते थेट दिसावे लागतात, नाहीतर भिंतींवर आपटून आलेले सिग्नल सगळा हिशोब चुकवतात. जीपीएसचा तर घरात शिरल्यावर दमच निघतो. आरआयएस इथे दोन कामं एकदम करतं. एक, ते स्वतःच एक ओळखीची जागा बनतं, म्हणजे एकच टॉवर असला तरी पॅनल धरून दोन खुणा झाल्या. दुसरं, जो परावर्तित सिग्नल आजवर कटकट होता तोच आता आपण ठरवलेल्या पद्धतीने येतो, त्यामुळे तो कुठून आला हे माहीत असतं. त्यात पॅनल मोठं असलं की अजून एक गंमत होते. ३० गिगाहर्ट्झला लहरीची लांबी १ सेंटीमीटर, तुकडे अर्ध्या लांबीच्या अंतराने ठेवले तर अर्धा मीटर बाय अर्धा मीटरच्या पॅनलवर साधारण १०,००० तुकडे बसतात, आणि अशा पॅनलपासून जवळपास ५० मीटरपर्यंत लहर सपाट धरताच येत नाही, तिची वक्रता मोजता येते. वक्रता कळली की दिशेबरोबर अंतरही कळतं. म्हणजे तुमच्या हॉलमध्ये, ऑफिसमध्ये, स्टेशनच्या सबवेमध्ये, जिथे कुठे असं पॅनल लावाल तिथे माणसं जवळजवळ कायम या टप्प्यातच असणार.

आणि ते लावणार कुठे? लोकांना वाटतं टॉवरसारखं कुठेतरी गच्चीवर. भौतिकशास्त्र तसं करू देत नाही. सिग्नल आधी टॉवरपासून पॅनलपर्यंत विरतो, मग पॅनलपासून फोनपर्यंत परत विरतो, आणि हे दोन्ही विरणं एकमेकांना गुणलं जातं, बेरीज होत नाही. पॅनल मधोमध ठेवलं तर सगळ्यात वाईट, त्यामुळे ते एकतर टॉवरच्या अगदी जवळ पाहिजे नाहीतर माणसांच्या अगदी जवळ. टॉवरजवळ ठेवून कोपऱ्यामागची अडचण बहुतेक वेळा सुटत नाही. राहिलं काय? कॉरिडॉर, लिफ्टसमोरची भिंत, क्लासरूम, वॉर्ड, बेडरूमची खिडकी. जपानच्या डोकोमो या मोबाईल कंपनीने एजीसी या काच कंपनीबरोबर २०२० च्या जानेवारीतच २८ गिगाहर्ट्झसाठी पारदर्शक पॅनल करून दाखवलं, काचेला लावलं तर दिसणारही नाही असं. इंजिनीअर म्हणून बघितलं तर सुंदर काम आहे, भाडेकरू म्हणून बघितलं तर जरा दचकायला होतं.

यात अजून एक गोष्ट आहे जी माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची आणि जिच्यावर सगळ्यात कमी बोललं जातं. पॅनलने सिग्नल तुमच्याकडे वळवायचा तर तुम्ही कुठे आहात हे आधी कळायला हवं. तुम्ही चालत स्वयंपाकघरात गेलात की किरण तुमच्या मागे वळवावा लागतो. म्हणजे लोकेशन ही वेगळी सर्विस राहतच नाही, ती नेट चालण्याची अटच होते, आणि कुठल्या क्षणी पॅनलला कुठली दिशा दिली याची नोंद हीच तुमच्या हालचालीची नोंद. अशी नोंद किती काळ ठेवायची? आज कॉल आणि इंटरनेटच्या वापराचे रेकॉर्ड कंपन्यांना किमान दोन वर्षं ठेवावे लागतात, २०२१ च्या डिसेंबरमध्ये लायसन्सच्या अटी बदलून एक वर्षाची दोन वर्षं केली. त्या रेकॉर्डमध्ये टॉवरचा आयडी असतो. उद्या कोणी बसल्या बसल्या एका परिपत्रकाने ठरवलं की पॅनलची दिशा पण त्यातच धरा, तर दोन वर्षांची, हातभर अचूक, घराच्या आतली डायरी तयार, आणि त्यासाठी संसदेत एक शब्दही बोलला जायची गरज नाही.

इथपर्यंत निदान फोन तरी मधे आहे. फोन बंद करा, घरी ठेवून जा, सुटलात. सेन्सिंगमध्ये तीही सोय नाही, तिथे तुमचं अंगच सिग्नल परत पाठवतं. हे काही कल्पनेतलं नाही. एमआयटीत दीना कताबी यांच्या ग्रुपने २०१३ मध्ये वायफायच्या सिग्नलने भिंतीपलीकडची हालचाल टिपून दाखवली, २०१८ मध्ये त्याच ग्रुपने भिंतीआडचा माणूस उभा आहे, बसलाय की चालतोय हे काड्यांच्या आकृतीत काढून दाखवलं. श्वास घेताना छाती काही मिलिमीटर हलते तेवढंही पकडता येतं. वायफायने सेन्सिंग कसं करायचं याचं आयईईईचं स्टँडर्ड, ८०२.११बीएफ, २०२५ मध्ये आलंसुद्धा, आणि अमेरिकेत कॉमकास्ट ही इंटरनेट कंपनी राउटरवरून घरातली हालचाल ओळखायची सोय ग्राहकांना देतेय. यातल्या कशालाच आरआयएस लागलेलं नाही. आरआयएस लागलं की काय होतं, तर जे कोपरे सिग्नलला दिसत नव्हते तेही दिसायला लागतात आणि एकाच खोलीला वेगवेगळ्या कोनांतून लागोपाठ न्याहाळता येतं. फोनवाल्याचं लोकेशन आणि बिनफोनच्या माणसाचं सेन्सिंग या दोन गोष्टी कंपन्यांच्या माहितीपत्रकात एकाच वाक्यात, स्वल्पविराम देऊन लिहिलेल्या असतात, आणि कायद्याने त्या पहिल्यांदा वेगळ्या करायला हव्यात. पहिल्यात निदान परवानगी विचारायला एक ग्राहक आहे, त्याचं सिमकार्ड आहे, त्याने कुठेतरी ओके दाबलंय. दुसऱ्यात कामवाल्या मावशी आहेत, पाहुणे आहेत, शेजारच्या फ्लॅटमधलं बाळ आहे, यांना विचारणार कोण आणि कसं?

तरी मी या तंत्रज्ञानाच्या विरोधात का नाही ते सांगतो. २०१५ च्या नेपाळ भूकंपात नासाच्या जेपीएलने बनवलेलं फाइंडर नावाचं मायक्रोवेव्ह रडार वापरलं होतं, चौतारा गावात ढिगाऱ्याखालच्या चार माणसांचे हृदयाचे ठोके त्याने पकडले आणि ते चौघे जिवंत निघाले. आपल्याकडे पावसाळा आला की इमारती पडतात हे काय सांगायला हवं. २०२० च्या ऑगस्टमध्ये महाडची पाच मजली इमारत कोसळली, चार वर्षांचा एक मुलगा जवळपास १९ तासांनी जिवंत बाहेर काढला, सगळा देश टीव्हीला चिकटून होता. भिंतीपलीकडचा श्वास ऐकू येणं ही गोष्ट वाईट आहे असं अशा वेळी कोण म्हणेल? किंवा एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचं घ्या, मुलं पुण्यात नाहीतर न्यू जर्सीत, आणि इकडे आजी बाथरूममध्ये पडल्या तर सकाळी दूधवाला बेल वाजवेपर्यंत कळत नाही. बाथरूममध्ये कॅमेरा लावणार का? नाही लावणार. तिथे रेडिओ सेन्सिंग कॅमेऱ्यापेक्षा शंभरदा सभ्य आहे, चेहरा नाही, चित्र नाही, फक्त कोणीतरी पडलं एवढंच. हा उपयोग मला मनापासून हवाय. पण आजींच्या मुलाने सगळं समजून सही करून घरात लावलेलं यंत्र आणि बिल्डरने नेटसाठी म्हणून कॉरिडॉरमध्ये लावलेलं पॅनल ज्यातून सगळ्या मजल्यावरच्या आज्या दिसतात, यात फरक आहे की नाही?

यावर इंजिनीअर लोकांचं एक ठरलेलं उत्तर असतं, आणि ते खोटं नाही म्हणून नीट घ्यायला हवं. ते म्हणतात पॅनल पॅसिव्ह आहे, त्यात रिसीव्हर नाही, ते स्वतः काही बघत नाही, साठवत नाही, नुसतं वळवतं. बरोबर आहे. पण बघणारा टॉवर किंवा राउटर आहे ना दुसऱ्या टोकाला, आणि पॅनल नसतं तर त्याला ही खोली दिसलीच नसती. सगळी यंत्रणा मिळून काय करते यावर नियम ठरायला हवा, तुकड्या-तुकड्यावर ठरवला तर प्रत्येक तुकडा निर्दोषच निघणार. शिवाय सगळेच नमुने निव्वळ पॅसिव्ह राहिलेले नाहीत, काही तुकड्यांना छोटे रिसीव्हर जोडलेले हायब्रिड प्रकारही संशोधनात आहेत, कारण त्याने लोकेशन काढणं सोपं जातं. आणि बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही पॅनल सारखीच दिसतात.

आपल्याकडे सोसायटीच्या मीटिंगमध्ये टॉवरचा विषय निघाला की भांडण दोनच गोष्टींवर होतं, भाडं किती मिळणार आणि रेडिएशनने कॅन्सर होतो का. रेडिएशनच्या भीतीबद्दल एवढंच म्हणतो की भारताने २०१२ पासून टॉवरच्या रेडिएशनची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश ठेवलीय. त्या भीतीत सगळी ताकद जाते आणि करारात काय लिहिलंय, यंत्राला अजून काय काय करता येतं, सॉफ्टवेअर अपडेटने पुढे काय चालू होऊ शकतं हे कोणी विचारतच नाही. आरआयएस तर भाड्याच्या बाबतीतही गोड वाटेल, गरम होत नाही, आवाज नाही, जनरेटर नाही, वर भिंतीला लावलेलं एक पोस्टर वाटावं असं. सेक्रेटरी पाच मिनिटांत सही करतील.

भिंत कोणाची हा प्रश्न पुढचा आहे असं वाटत असेल तर मुंबई मेट्रो ३ कडे बघा. आरे ते कफ परेड, ३३.५ किलोमीटर, भुयारी, आणि भुयारात मोबाईलला रेंज नाही म्हणून लोकांनी बोंब मारली, कारण मेट्रोने नेटवर्कची यंत्रणा उभारायचं काम एका तिसऱ्या कंपनीला दिलं आणि टेलिकॉम कंपन्यांचं म्हणणं तिचे दर परवडत नाहीत, आम्हालाच बसवू द्या. भांडण पैशाचं होतं आणि प्रवासी मधे लटकले. हेच उद्या पॅनलबद्दल होईल, आणि त्यात पैशापलीकडची एक भर पडेल. पॅनल कुठल्या एका कंपनीच्या पट्ट्यापुरतं वागत नाही, शेजारच्या फ्रिक्वेन्सीचे सिग्नलही त्याच्यावर आपटून कुठेतरी जातातच, म्हणजे एका कंपनीने आपल्यासाठी पॅनल फिरवलं की दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाची रेंज खालीवर होणार. भुयारी स्टेशनच्या भिंतीवर कोणाचं पॅनल, ते कोण फिरवणार, आणि त्यातून दिसणाऱ्या गर्दीचा डेटा मेट्रोचा, त्या तिसऱ्या कंपनीचा, टेलिकॉमचा की पोलिसांचा? राइट ऑफ वेचे नवे नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाले, खांब, केबल, टॉवर कुठे कसे टाकायचे याची त्यात तजवीज आहे. तिथेच ही एक ओळ घालता येईल, की यंत्राला सेन्सिंग करता येत असेल तर अर्जात तसं सांगा.

कायदा नाहीच असं नाही. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा मूलभूत हक्क ठरवला. २०२४ च्या जुलैमध्ये न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांनी सांगितलं की जामिनावर सुटलेल्या आरोपीला गुगल मॅपचं पिन तपास अधिकाऱ्याला देत राहा अशी अट घालता येणार नाही, कारण मग त्याच्या आयुष्यात सतत डोकावता येतं. आरोपीला एवढं संरक्षण आहे आणि मजल्यावर राहणाऱ्या साध्या माणसाला नसावं हे विचित्रच. पण २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात वैयक्तिक डेटा म्हणजे ज्यावरून माणूस ओळखता येतो तो डेटा. "खोलीत दोन देह, एक झोपलेला" यात नाव कुठे आहे? कंपनी म्हणणार हा वैयक्तिक डेटाच नाही. त्या फ्लॅटमध्ये दोघंच राहतात हे अख्ख्या बिल्डिंगला माहीत असतं ती गोष्ट वेगळी. वर त्याच कायद्यात सरकारला आपल्या हव्या त्या यंत्रणेला सूट देता येते, आणि नोकरीच्या कामासाठी मालकाला संमतीशिवाय डेटा वापरायची मुभा आहे. भिवंडीच्या गोडाऊनमध्ये आणि चाकणच्या कारखान्यात ही मुभा कशी वापरली जाईल, कोण किती वेळ बाथरूमला गेलं याचा तक्ता महिन्याच्या पगाराला कसा चिकटेल, याला फार कल्पनाशक्ती लागत नाही.

अमेरिकेत २००१ मध्येच त्यांच्या सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं की घराबाहेर उभं राहून थर्मल कॅमेऱ्याने घरातली उष्णता बघणं हीसुद्धा झडतीच, वॉरंट लागणार. तरी पुढे पोलिसांच्या हातात भिंतीपलीकडची हालचाल सांगणारी छोटी रडारं आलीच, आणि २०१४ च्या एका केसमध्ये अपील कोर्टापुढे ती निघाली तेव्हा कुठे लोकांना कळलं की अशी वस्तू वापरात आहे. तिकडे तेरा वर्षं आधीचा निकाल असून ही गत.

आता गंमत म्हणजे याच पॅनलने बचावही करता येतो. जर्मनीत बोखुमच्या रूर विद्यापीठातल्या मंडळींनी २०२२ मध्ये आयआरशील्ड म्हणून एक प्रयोग मांडला, घरात आरआयएस लावून ते अंदाधुंद फिरवत ठेवायचं म्हणजे बाहेर वायफाय ऐकत बसलेल्याला आत हालचाल आहे की नाही कळतच नाही. त्यांच्या प्रयोगांत हालचाल ओळखली जायचं प्रमाण ५ टक्के किंवा त्याखाली आलं, आणि घरातलं नेट चालू राहिलं. म्हणून मी सरसकट बंदीच्या विरोधात आहे, बंदी आली की कंपनी आणि सरकार परवानगी काढून लावतील आणि आपल्याला आपलं पडदा-पॅनल लावायला मात्र मनाई होईल. आपल्याकडे जॅमर खाजगी माणसाला लावता येत नाही. असं पॅनल जॅमर आहे का? माझ्या मते नाही, ते स्वतःहून काही प्रक्षेपित करत नाही, आणि स्वतःच्या घरात ते लावायचा हक्क आत्ताच लिहून घ्यायला हवा.

वेळ आहे म्हणून हे सगळं. युरोपची टेलिकॉम स्टँडर्ड ठरवणाऱ्या एट्सीने २०२१ मध्ये आरआयएससाठी गट काढला आणि पुढे त्याने रिपोर्टही दिलेत, पण मोबाईलची स्टँडर्ड ठरवणाऱ्या थ्रीजीपीपीने रिलीज १८ मध्ये, म्हणजे स्टँडर्डच्या अठराव्या आवृत्तीत, आरआयएस न घेता नेटवर्कच्या ताब्यातला रिपीटर, म्हणजे सिग्नल वाढवून पुढे पाठवणारं यंत्र, घेतला. म्हणजे अजून ते मोबाईल स्टँडर्डमध्ये बसलेलं नाही. भारताचं ६जी व्हिजन २०२३ च्या मार्चमध्ये आलं, त्यानंतर भारत ६जी अलायन्स झालं, आणि आपल्याला या वेळी स्टँडर्ड नुसतं पाळायचं नाही, लिहायचंय असं तिथे मोठ्या उत्साहाने सांगितलं जातं. मग लिहाच. सेन्सिंग मुळात बंद असावं आणि चालू करायला त्या जागेत राहणाऱ्यांची लेखी संमती लागावी, पॅनलच्या दिशेच्या नोंदी कॉल रेकॉर्डमध्ये धरू नयेत आणि काम झालं की पुसाव्यात, पोलिसांना हव्या असतील तर न्यायाधीशाची सही आणावी, इमारत पडली किंवा आग लागली तर अग्निशमन दलाला आणि एनडीआरएफला विनाअडथळा चालू करता यावं पण त्याची नोंद नंतर जाहीर व्हावी, आणि पारदर्शक असो की रंगवलेलं, प्रत्येक पॅनलवर एक ठळक खूण असावी जी बघून लिफ्टची वाट बघणाऱ्या माणसाला कळेल की इथे काय लागलंय. कंपन्या म्हणतील याने खर्च वाढतो. दहा हजार डायोड लावायचा खर्च जमतो तर एका स्टिकरचाही जमेल. संमतीचा खर्च खरंच जास्त आहे हे मान्य, सोसायटीत पन्नास घरांच्या सह्या गोळा करणं काय असतं हे ज्याने पुनर्विकासाच्या फाइली हाताळल्यात त्याला विचारा. पण पुनर्विकासात त्या सह्या घ्याव्याच लागतात, कोणी म्हणत नाही की फार कटकट आहे म्हणून बिल्डरला तसंच आत सोडा.